चेंडू हातात नसताना

२०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला आली होती, बुधवारी. आमच्याकडे सनीव्हेलला दीड दिवसाचा गणपती असतो. सुट्टी नसतेच, त्यामुळे मंडळी ऑफिसातून परस्पर येतात, आरती होते आणि मग पंगत. त्या दिवशी मोदकांचं ताट फिरत असतानाच मेहुण्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं आणि जवळजवळ ओरडलाच, "दाजी, सर्मनला सोडला!"

जेवणाऱ्यांपैकी निम्म्यांना सर्मन कोण हे ठाऊक नव्हतं. उरलेल्यांनी हात वाळेपर्यंत दुसरा विषय काढला नाही.

सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स हा आमच्या शेजारचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्यांचं मैदान सांता क्लारात, घरापासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर. ट्रे सर्मन त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू घेऊन समोरच्या माणसांच्या भिंतीत फट शोधत पळणारा गडी. कॉलेजात असताना, २०२० मध्ये, ओहायो स्टेटकडून एका अंतिम सामन्यात तो ३३१ यार्ड धावला होता. दर एप्रिलमध्ये लीगमधले संघ कॉलेजातल्या खेळाडूंना फेऱ्याफेऱ्यांनी, पाळीपाळीनं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये फॉर्टीनाइनर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि त्याच्यापर्यंत पोचायला आपल्या चौथ्या फेरीतल्या दोन निवडी दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या. पहिल्या वर्षात तो सगळे मिळून १६७ यार्ड धावला. तरी ३० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झालेल्या ५३ जणांच्या यादीत त्याचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी ते पुसलं गेलं. आणि जॉर्डन मेसन नावाचा मुलगा मात्र राहिला. त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत ३२ पैकी एकाही संघानं या मेसनला घेतलेलं नव्हतं.

"दोन निवडी घालवून आणलेला माणूस वर्षात कुणी सोडतं का?" मेहुणा म्हणाला. "आणि ठेवला कोण, तर ज्याला कुणी विचारलंच नाही असा पोरगा. अजून एक वर्ष द्यायला काय झालं होतं?"

"अरे, त्या निवडी तर गेल्याच. सर्मनला ठेवून त्या परत येणार आहेत का?" एवढंच मला तेव्हा सुचलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. तेव्हापासून दर ऑगस्टला हा वाद आमच्या घरी होतो. नावं बदलतात, वाद तोच. म्हणून आता माझी बाजू नीट मांडतो.

माझं म्हणणं असं, की रनिंग बॅकच्या शेवटच्या जागेसाठी माणूस निवडताना तो चेंडू घेऊन कसा पळतो हे दुय्यम मानावं. चेंडू हातात नसताना तो काय करतो हे आधी पाहावं. आणि त्याला आणायला काय किंमत मोजली होती, हे तर विचारूसुद्धा नये.

आधी हिशेब समजून घेऊ. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. २०२३ पासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या एकाच मंगळवारी त्यातले ३७ कमी करून ५३ ठेवायचे असतात. ३२ संघ धरले तर ११८४ जणांची ही कपात होते. प्रत्येक संघाला १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड, सरावापुरती राखीव तुकडी, ठेवता येतं, म्हणजे त्यातल्या ५१२ जणांची कशीबशी सोय लागते. उरलेले साडेसहाशेहून जास्त जण बॅगा भरतात. ५३ मधलेही सगळे खेळत नाहीत. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणांना मैदानात उतरायची परवानगी असते. त्यात रनिंग बॅक तीन, फार तर चार. पहिल्याला चेंडू घेऊन पळायच्या बहुतेक संधी, दुसऱ्याला त्याचा दम गेल्यावरच्या. तिसऱ्याला? काही आठवडे एकही नाही.

मग तिसऱ्याला गणवेश का द्यायचा? कारण किकऑफच्या वेळी, म्हणजे चेंडू लांब मारून खेळ सुरू करताना, चेंडूमागे धावत जाऊन समोरच्याला पाडायला माणूस लागतो, पन्टच्या वेळी, म्हणजे चेंडू पायानं मारून समोरच्यांकडे सोपवताना, अडवायला लागतो, चेंडू झेलून परत आणायला लागतो. या सगळ्याला तिथे स्पेशल टीम्स म्हणतात. तिसऱ्या बॅकचा पगार खऱ्या अर्थानं या कामाचा असतो. पळण्यासाठी निवडलेला पण हे काम न येणारा तिसरा बॅक त्या ४८ मध्येच बसत नाही. मग तो ५३ मध्ये असून नसल्यासारखा.

दुसरं काम त्याहून अवघड, आणि टीव्हीवर तर ते दिसतही नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असतो तेव्हा बॅक त्याच्या बगलेला उभा राहतो. समोरून कुणीतरी जास्तीचा माणूस अंगावर धावून येतो, त्याला ब्लिट्झ म्हणतात. कोण येणार हे चेंडू उचलला जाण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत ओळखायचं. दोघे आले तर आतून येणारा आधी धरायचा, कारण त्याची वाट आखूड असते. बाहेरून येणाऱ्याला वळसा पडतो. चुकीचा माणूस धरला तर संघाचा सर्वात महागडा खेळाडू पाठीवर आपटतो, आणि कधीकधी पूर्ण मोसमासाठी जातो.

एका जुलैत मी मुलीला घेऊन सांता क्लाराला सराव बघायला गेलो होतो. तिथे हाच सराव चालला होता. क्वार्टरबॅकच्या जागी एक मोठी उशी उभी केलेली, तिच्यासमोर बॅक, आणि पाच-सहा पावलांवरून सुसाट येणारा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला धिप्पाड गडी. येणारा एकशेदहा किलोचा, थांबवणारा त्याच्याहून पंधरा-वीस किलोनं हलका. एक पोरगा पहिल्या खेपेला उताणा पडला. हेल्मेट सारखं करत उठला, रांगेच्या शेवटी न जाता तिथेच उभा राहिला. दुसऱ्या खेपेला त्यानं कंबर खाली घेतली, दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर मारले आणि पाय बारीक बारीक टाकत राहिला. खांद्यांवरची पॅड एकमेकांवर आदळल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. लाइनबॅकर उशीपर्यंत पोचला नाही. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पलीकडे कुणीतरी लांब पास झेलला होता, सगळ्यांच्या माना तिकडे होत्या. मुलीनं विचारलं, "बाबा, याला बॉल कधी देणार?"

आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याच्या नावानं मैदान दणाणतं, पण कोपरा राखणाऱ्यानं घोटा वेळेवर धरला नाही तर त्या चढायांचा उपयोग नाही. फरक इतकाच, की कबड्डीत पकडीलाही गुण मिळतो. इथे ब्लिट्झ अडवणाऱ्या बॅकच्या नावापुढे धावफलकावर काहीच लागत नाही.

आता आमच्या पंगतीतला पहिला मुद्दा: "अरे पण सरावाच्या सामन्यात तो केवढा पळला!" ऑगस्टमध्ये मोसमाआधीचे सामने होतात. पूर्वी चार असायचे, २०२१ पासून तीन. त्यांच्या शेवटच्या चतुर्थांशात समोर कोण असतं? ज्यांना आठवड्याभरानं स्वतःलाच घरी जायचं आहे असे खेळाडू. त्यांच्या हातून निसटून काढलेले साठ-सत्तर यार्ड खोटे नसतात, पण ते कशाचं माप आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय या सामन्यांत प्रशिक्षक आपले डाव झाकून ठेवतात. बचाव साधा लावतात, ब्लिट्झ फारसे पाठवत नाहीत. म्हणजे ज्या कामात बॅकची खरी परीक्षा, त्याचा पेपरच निघत नाही. आपण प्रेक्षक तीन संध्याकाळी बघतो. प्रशिक्षक महिनाभर रोज बघतात, दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावात बघतात. त्यांचं चुकत नाही असं मी म्हणत नाही, पण आपल्याला न दिसलेलं त्यांनी पाहिलेलं असतं एवढं तरी मान्य करावं.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९५ च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हर ब्राँकोज आणि फॉर्टीनाइनर्स यांचा असाच एक सामना टोकियोत झाला. डेन्व्हरकडे टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक होता, सहाव्या फेरीतला, १९६ व्या क्रमांकावर निवडलेला. बॅकच्या यादीत त्याचं नाव इतकं खाली होतं, की सामन्याआधी तो सगळं सोडून घरी परतायच्या विचारात होता. सामन्यात त्याला किकऑफच्या तुकडीत पाठवलं. तो धावत गेला आणि चेंडू आणणाऱ्याला त्यानं असा आडवा केला, की बाकावरचे लोक उठून उभे राहिले. त्या एका धडकेनंतर प्रशिक्षक त्याच्याकडे वळून बघू लागले. त्याच मोसमात तो हजार यार्डांपुढे गेला, १९९८ मध्ये २००८ यार्ड धावला, आणि २०१७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. पळणं त्याच्या पायात होतंच. पण ते बघायला कुणी थांबलं, ते चेंडू हातात नसताना त्यानं जे केलं त्यामुळे.

दुसरा मुद्दा किमतीचा, आणि माझा खरा राग त्यावर आहे. "तिसऱ्या फेरीतला आहे" हे वाक्य जणू खेळाडूच्या अंगचा गुण असल्यासारखं बोललं जातं. फेरी ही संघानं केलेल्या अंदाजाची खूण आहे. अंदाज एप्रिलमधला, त्यानंतर वर्षभर रोज पाहिल्यावरही तोच धरून बसायचं, तर पाहिलं कशाला? आपल्याकडे लोक तोट्यातलं दुकान चालवतात, कारण "बापानं एवढा पैसा घातलाय". तसंच हे. १९९५ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी बास्केटबॉलच्या एनबीए लीगचा असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. खेळ सारखाच असला तरी ड्राफ्टमध्ये वर निवडलेल्यांना जास्त मिनिटं खेळवलं जातं आणि ते संघात जास्त काळ टिकतात, असं त्यांना आढळलं. लीग वेगळी, पण माणसाचं मन तेच. घातलेला पैसा वाया गेला हे कबूल करायला जीभ रेटत नाही, आणि त्या न बोलण्याची किंमत मोजतो तो तिसराच कुणी, ज्याच्यावर कुणी पैसा घातलेला नसतो.

फॉर्टीनाइनर्सनी ३१ ऑगस्टला ती कबुली दिली. त्या वर्षी पुढे काय झालं ते बघा. संघानं चार बॅक ठेवले होते. पहिल्याच सामन्यात एलायजा मिचेलचा गुडघा दुखावला आणि तो दोन महिने बाहेर बसला. दुसऱ्या सामन्यात टायरियन डेव्हिस-प्राइसचा घोटा गेला. जेफ विल्सनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला मायामीला देऊन टाकलं, कारण ऑक्टोबरात ख्रिश्चन मॅकॅफ्री हा मोठ्या नावाचा बॅक आला होता. चारातला एकटा मेसन मोसमभर हाताशी राहिला, बहुतेक वेळ स्पेशल टीम्सवर धावत. आणि दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर २०२४ ला, मोसमाच्या पहिल्याच सामन्याआधी मॅकॅफ्री बसला, तेव्हा न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध चेंडू मेसनकडे आला. त्यानं २८ वेळा तो घेतला आणि १४७ यार्ड काढले. सर्मनला सोडलं म्हणून हे घडलं असं मी म्हणणार नाही. मेसनला किमतीच्या तराजूत तोललं असतं, तर मात्र तो त्या दिवशी तिथे नसता.

सर्मनबद्दल वाईट बोलायचा माझा हेतू नाही. चांगला खेळाडू एखाद्या संघाच्या पद्धतीत बसत नाही, असं होतं. त्याला फिलाडेल्फियानं लगेच उचललं, त्यात त्याचंही भलं होतं.

आणि इथेच मेहुण्याचा सर्वात बळकट मुद्दा येतो, तो मी टाळणार नाही. तो म्हणतो, "दाजी, सर्मनला सोडलं की दुसरे उचलणार हे माहीतच होतं. मेसनला सोडलं असतं तर कुणी उचलला नसता, प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवता आला असता. मग दोघंही आपलेच राहिले असते." नियम असा आहे, की चार मोसम पुरे न झालेल्या खेळाडूला सोडलं की तो आधी वेव्हर्सवर जातो. चोवीस तासांच्या आत कुठलाही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो, आणि ज्याचा गेल्या वर्षीचा निकाल सर्वात वाईट त्याचा हक्क पहिला. त्यामुळे कोणाला लपवता येईल आणि कोणाला नाही, यावर डोकं चालवणं हे संघव्यवस्थापनाचं कामच आहे.

या मुद्द्याच्या बाजूनं उदाहरणही आहे. ह्यूस्टन टेक्सन्सनी २००९ मध्ये एरियन फॉस्टरला सोडून प्रॅक्टिस स्क्वाडवर घेतलं होतं. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो १६१६ यार्ड धावला, लीगमध्ये सर्वात जास्त. लपवणं साधलं. पण ते आठवडे बाकी ३१ पैकी कुठलाही संघ त्याला आपल्या ५३ मध्ये बोलावू शकत होता आणि ह्यूस्टनला हात चोळत बसावं लागलं असतं. बोलावला नाही, हे ह्यूस्टनचं नशीब. नशिबाला धोरण म्हणू नये. आणि दुसरं असं, की जो माणूस उद्याच्या सामन्यात कामाला येणार आहे त्याला लपवून, जो येणार नाही त्याला केवळ दुसऱ्यानं नेऊ नये म्हणून धरून ठेवायचं, हे शेजाऱ्यानं उचलू नये म्हणून मोडकी खुर्ची दिवाणखान्यात ठेवण्यासारखं आहे.

जॅक्सनविलचं उदाहरण मी माझ्या बाजूनं वापरत नाही, जरी ते वापरलं जातं. २०२० मध्ये त्यांनी लेनर्ड फोर्नेटला सोडलं, २०१७ च्या ड्राफ्टमधला चौथ्या क्रमांकाचा खेळाडू, आणि जागा दिली जेम्स रॉबिन्सनला, कुणीही न निवडलेल्याला. रॉबिन्सन १०७० यार्ड धावला. पण संघ १६ पैकी १५ सामने हरला, आणि फोर्नेट टँपा बेला जाऊन सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. बॅक बरोबर निवडला म्हणून संघ चांगला होत नाही. माझा मुद्दा शेवटच्या जागेपुरता आहे, त्याहून मोठा तो ताणायचा नाही.

त्या जागेचं महत्त्व अलीकडे वाढलं आहे, हेही खरं. काही वर्षांपूर्वी किकऑफ जवळजवळ मेला होता. २०२३ मध्ये पाचातले चार किकऑफ कुणी परत आणायच्या फंदातच पडत नव्हतं. २०२४ मध्ये नियम बदलला. आता दोन्ही संघांची माणसं एकमेकांसमोर जवळ उभी राहतात आणि चेंडू पडेपर्यंत हलायचं नाही. २०२५ मध्ये चेंडू परत न आणल्यास समोरच्या संघाला डाव सुरू करायला मिळणारी जागा पुढे, त्याच्या ३५ यार्डांच्या रेषेवर नेली, म्हणजे लांब मारून मोकळं होणं महाग झालं. त्यानंतर चेंडू परत आणणं झपाट्यानं वाढलं. या नव्या किकऑफमध्ये फट शोधून सरळ घुसणारा, अंगावर येणाऱ्याला चुकवणारा आणि तितक्याच सहजपणे पाडणारा माणूस हवा. हे वर्णन रनिंग बॅकचंच आहे. तरी आमच्या पंगतीत अजून तीन संध्याकाळच्या यार्डांवरच वाद होतो.

आणि हा वाद करताना समोर माणूस आहे हे विसरायला होतं. २०२५ मध्ये ५३ मधल्या नवख्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, म्हणजे मोसमाच्या १८ आठवड्यांत दर आठवड्याला साधारण ४७ हजार. प्रॅक्टिस स्क्वाडवरच्या नवख्याला आठवड्याला १३ हजार. आणि तेही उद्या असेल याची खात्री नाही. पेन्शनचा हक्क लागायला मुख्य संघातले तीन मोसम जमा व्हावे लागतात. प्रॅक्टिस स्क्वाडवरचे दिवस त्यात धरत नाहीत. बॅकचे गुडघे तिशीला उत्तर देतात. म्हणजे ५३ वी जागा कोणाची, या प्रश्नाच्या उत्तरावर कुणाची तरी म्हातारपणाची सोय अवलंबून असते. ती जागा एप्रिलमध्ये कुणीतरी केलेल्या अंदाजाची लाज राखण्यासाठी द्यायची, हे मला अन्यायाचं वाटतं. खेळाच्या दृष्टीनं चूक तर आहेच.

रहीम मोस्टर्टचं नाव आमच्या घरी शेवटी निघतंच. २०१५ मध्ये त्यालाही कुणी निवडलं नाही. फिलाडेल्फिया, मायामी, बाल्टिमोर, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क जेट्स, शिकागो, असे सहा संघ त्याला सोडून मोकळे झाले. सोडल्याच्या तारखा त्यानं लिहून ठेवल्या आणि प्रत्येक सामन्याआधी तो त्या वाचायचा. २०१६ च्या अखेरीस तो सांता क्लाराला आला, आणि पुढची दोन वर्षं त्याची ओळख होती ती पन्ट आणि किकऑफच्या मागे धावत जाणारा म्हणून. १९ जानेवारी २०२० ला ग्रीन बेविरुद्ध, सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात, चेंडू त्याच्या हातात आला. २२० यार्ड, चार टचडाऊन.

गेल्या गणपतीत मी हे पुन्हा सांगितलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "पण दाजी, मोस्टर्ट मुळात पळायचाच वाऱ्यासारखा."

पळायचाच. आणि तो वारा त्या सहाही संघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.